‘सवलत’ या शब्दाचा हिशेब

आपल्या राजकारणात एक शब्द फार स्वस्त झालाय. सवलत. पुढारी भाषणात म्हणतो, ‘मागासवर्गीयांना सवलती दिल्या.’ कारकून म्हणतो, ‘तुमचं बरंय, सवलत आहे.’ आणि मित्रांनो, आपणही फॉर्म भरताना हेच म्हणतो. तेव्हा हा शब्द एकदा तपासला पाहिजे.

शब्द मूळचा अरबी, ‘सुहूलत’. म्हणजे सोपेपणा, सोय. मराठीत येता येता त्याला मेहेरबानीचा वास लागला. दुकानदार गिऱ्हाइकाला सवलत देतो, सावकार व्याजात सवलत देतो. देणारा मालक, घेणारा मिंधा. मनात आलं तर उद्या बंद.

आता इतिहास बघा. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी कोल्हापुरात हुकूम काढला. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० मागासलेल्या जातींना. कारण संस्थानातल्या नोकऱ्या मूठभर जातींच्या घरात साचल्या होत्या. ती वाटणी दुरुस्त केली, भीक घातली नाही.

ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले होते. गांधीजी येरवड्यात उपोषणाला बसले. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ सोडावे लागले, तेव्हा प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा आल्या. करार म्हणजे देवघेव. किंमत मोजून घेतलं त्याला खैरात कोण म्हणेल?

१९५० ला घटना लागू झाली. तिच्यात कलम १६(४) समतेच्या कलमातच बसलंय. १९७५ साली थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयातल्या बहुमतानं सांगितलं, राखीव जागा हा समतेला अपवाद नव्हे, समतेचाच भाग आहे. तरी शब्द सुटला नाही. १९५६ ला आपण बौद्ध झालो आणि केंद्राच्या राखीव जागांना मुकलो. त्या परत मिळायला १९९० उजाडलं. मधली ३४ वर्षं एकच टोमणा, ‘हिंदू धर्म सोडला ना, मग सवलत कशाला?’ धर्म सोडला म्हणून गावकुसाबाहेरचं घर आत आलं नव्हतं.

आता गिरणीतली गोष्ट. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात पगार जास्त. पण तिथं आपल्या माणसाला मज्जाव. का? कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढावा लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा स्पृश्य विणकर तोंडाला कसा लावणार! आपली माणसं कमी पगाराच्या खात्यांत राहिली. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. लाल बावट्याखाली एक झालेला कामगार धोट्यापाशी येऊन फुटत होता.

म्हणजे साचेखातं स्पृश्यांसाठी राखीवच होतं. शेकडा पन्नास नाही, शेकडा शंभर. देवळातली पुजाऱ्याची जागा राखीव, विहिरीचं पाणी राखीव, पाटीलकी राखीव. त्याला कुणी ‘सवलत’ म्हटलं? त्याला रीत म्हणाले, वतन म्हणाले, लायकी म्हणाले. हा शब्द जन्मला तो फक्त आपल्या वाट्याला काही आलं तेव्हा.

शब्द वापरणारा मालक कोण आणि मिंधा कोण, हे आधीच ठरवून टाकतो. म्हणून पहिली दुरुस्ती आपल्याच तोंडात करू. सभेत, अर्जात, घरी पोरांशी बोलताना. राखीव जागा म्हणा, वाटा म्हणा, हक्क म्हणा. समोरचा ‘सवलत’ म्हणाला तर त्याला साचेखात्याची गोष्ट सांगा. मग विचारा, बाबा, तुझी सवलत किती वर्षांची?