पत्राखालचा पत्ता

2021च्या जानेवारीत ‘वांडाव्हिजन’ ही मार्व्हलची मालिका सुरू झाली. तिच्या पहिल्याच भागात घरातल्या कॅलेंडरवर 23 ऑगस्ट या तारखेपाशी बदामाचं चित्र काढलेलं दिसतं. तेवढ्या एका बदामावर जगभरच्या चाहत्यांनी आठवडाभर खल केला. त्या तारखेला नेमकं काय, मेफिस्टो नावाचा सैतान कुठल्या भागात येणार, शेजारीण म्हणवणारी बाई खरी कोण, याची रोज नवी मांडणी होत होती. मेफिस्टो शेवटपर्यंत आला नाही, तरी चर्चेला ओहोटी लागली नाही.

हे सगळं इंटरनेटनं आणलं असं आपण गृहीत धरतो. पण या रिवाजाचं कुळ शोधत मागे गेलं तर इंटरनेट मागे पडतं, दूरदर्शन संचही मागे पडतो आणि आपण न्यूयॉर्कमधल्या एका मासिकाच्या शेवटच्या पानांशी येऊन थांबतो.

मासिकाचं नाव ‘अमेझिंग स्टोरीज’. एप्रिल 1926 मध्ये ते निघालं, किंमत 25 सेंट. विज्ञानकथांनाच वाहिलेलं इंग्रजीतलं हे पहिलं मासिक. संपादक ह्यूगो गर्न्सबॅक, मूळचा लक्झेंबर्गचा, हाडाचा रेडिओवाला. हौशी रेडिओवाले दूरदूरच्या अनोळखी माणसांशी बोलण्यासाठी रात्र रात्र जागतात, हे त्यानं जवळून पाहिलं होतं. जानेवारी 1927 पासून त्यानं ‘डिस्कशन्स’ नावाचं वाचकांच्या पत्रांचं सदर सुरू केलं आणि पत्रलेखकांच्या नावाखाली त्यांचे पत्ते छापले.

या घटनेपाशी मला थांबावंसं वाटतं, कारण पुढचं सगळं तिच्यातून फुटलं आहे. पत्ता नसता तर वाचक संपादकाला लिहीत राहिले असते, संपादकानं मर्जीप्रमाणे छापलं असतं आणि गोष्ट तिथेच संपली असती. पत्ता छापल्यामुळे एका गावातल्या मुलाला कळलं, की आपल्यासारखाच वेडा दुसरा मुलगा दोनशे मैलांवर आहे, आणि त्याला थेट पत्र टाकता येतं. आपल्याकडेही मासिकांत पत्रमैत्रीची सदरं चालत. फरक एवढाच, की तिथे मैत्रीचं निमित्त ठरलेलं होतं. गेल्या अंकातली ती कथा पटली की नाही? त्या यानाचा वेग शक्य आहे का? शेवट असा का केला? आज भाग संपल्यावर आपण विचारतो ते प्रश्न तेव्हाच ठरून गेले.

पत्रांतून मंडळं झाली. 1929च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये ‘सायन्सिअर्स’ हे मंडळ स्थापन झालं. त्याचे पहिले अध्यक्ष वॉरन फिट्झजेरल्ड कृष्णवर्णीय होते आणि बैठका हार्लेममधल्या त्यांच्या घरी भरत. त्या काळच्या अमेरिकेत गोऱ्या घरांतली पोरं एका कृष्णवर्णीय माणसाच्या बैठकीत बसून मंगळावरच्या गोष्टींवर भांडत होती, ही मला या इतिहासातली फार मोलाची गोष्ट वाटते.

मग मुलांनी स्वतःचीच मासिकं काढली. 1932 मध्ये ‘द टाइम ट्रॅव्हलर’ निघालं. ते काढणाऱ्यांत मॉर्ट वाइझिंगर आणि ज्युलियस श्वार्ट्झ हे दोघे होते. त्याच वर्षी क्लीव्हलंडमध्ये जेरी सीगेल आणि जो शुस्टर या दोस्तांनी ‘सायन्स फिक्शन’ नावाचं सायक्लोस्टाइल केलेलं मासिक सुरू केलं. 1933च्या जानेवारीच्या अंकात सीगेलची एक कथा आली, शुस्टरच्या चित्रांसह. तिच्यातला ‘सुपरमॅन’ टक्कल असलेला खलनायक होता. पुढे त्यांनी त्याला उलटा केला, सज्जन केला, अंगावर झूल घातली आणि जून 1938च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’मधून तो जगापुढे आला.

म्हणजे सुपरहिरो आधी आणि त्याचे चाहते नंतर, असा क्रम नाहीच. चाहत्यांची चर्चा आधी होती. सुपरहिरो तिच्या पोटी जन्माला आला.

या मासिकांना पुढे ‘फॅनझिन’ हे नाव मिळालं. ती कशी निघत हेही सांगायला हवं. मेणकागदावर टाइपरायटरनं मजकूर कोरायचा, रोलरवर शाई लावायची, एकेक पान फिरवून काढायचं, जेवणाच्या टेबलाभोवती फिरत पानं क्रमानं लावायची, पिना मारायच्या, पोस्टात टाकायचं. 1937 मध्ये तर डोनाल्ड वॉलहाइमनं एक भिशीच सुरू केली. प्रत्येक सभासदानं आपल्या चार-सहा पानांच्या, सभासद असतील तितक्या प्रती काढून एकाकडे पाठवायच्या. त्यानं सगळ्यांच्या प्रतींचे गठ्ठे बांधून सगळ्यांना परत पाठवायचे. पुढच्या गठ्ठ्यात प्रत्येक जण मागच्या गठ्ठ्यातल्या प्रत्येकाला नाव घेऊन उत्तर देई. उत्तर यायला तीन महिने लागत. भांडणं मात्र आजच्याइतकीच जोरात होत.

पुढे हीच मुलं संपादकांच्या खुर्चीत बसली. वाइझिंगरकडे सुपरमॅनची मासिकं आली. श्वार्ट्झनं 1956 पासून ‘फ्लॅश’ आणि इतर बंद पडलेल्या नायकांना नव्यानं उभं केलं. 1960च्या सुमारास त्याच्या कॉमिक्सच्या पत्रसदरांत पत्रलेखकांचे पूर्ण पत्ते छापले जाऊ लागले. स्वतःला पोसणारं दूध कुठून आलं हे तो विसरला नव्हता. जेरी बेल्स हा डेट्रॉइटचा प्राध्यापक. त्यानं 1961च्या मार्चमध्ये ‘ऑल्टर एगो’ हे सुपरहिरोंविषयीचं फॅनझिन काढलं. त्याचा साथीदार रॉय थॉमस पुढे मार्व्हलचा मुख्य संपादक झाला. 1963 मध्ये ‘फॅन्टॅस्टिक फोर’च्या विसाव्या अंकात न्यू जर्सीतल्या एका शाळकरी मुलाचं कौतुकाचं पत्र छापून आलं. मुलगा पुढे हौशी मासिकांत कथा लिहू लागला. त्याचं नाव जॉर्ज आर. आर. मार्टिन. त्याच्या कादंबऱ्यांवरची ‘गेम ऑफ थ्रोन्स’ 2011 ते 2019 अशी चालली आणि तिच्या एकेका भागावर निम्मं जग आठवडाभर बोलत राहिलं.

इथवर सगळं छापील होतं. कथा हातात असायची, पान उलटून पुन्हा पाहता यायचं. टीव्हीनं ही सोय काढून घेतली. 1966च्या जानेवारीत ‘बॅटमॅन’ आठवड्यातून दोन रात्री दिसू लागला, सप्टेंबरात ‘स्टार ट्रेक’ आलं. भाग एकदा दिसला की गेला. पुनःप्रक्षेपण झालं तर नशीब. घरी व्हिडिओ यायला अजून दहा वर्षं होती. जे पुन्हा पाहता येत नाही त्यावर वाद घालायचा कसा?

उत्तर शोधलं ते मुख्यतः बायकांनी. 1930च्या दशकातल्या मंडळांत मुलगेच फार. ‘स्टार ट्रेक’पाशी मात्र हे कुळ बायकांच्या हाती आलं. देव्हरा लँगसॅम या ब्रुकलिनच्या ग्रंथपाल. त्यांनी शेर्ना कमरफर्ड यांच्यासह 1967 मध्ये ‘स्पॉकनेलिया’ काढलं, ‘स्टार ट्रेक’लाच वाहिलेलं पहिलं फॅनझिन. डोरोथी जोन्स भाग पाहताना टिपणं घेत. ग्रह, यानं, पात्रं, कोण काय म्हणालं, सगळं. त्या टिपणांतून त्यांनी आणि बीजो ट्रिंबल यांनी 1969 मध्ये भागवार कोश तयार केला. आज एखाद्या मालिकेच्या प्रत्येक भागाची सूची आपण सहज पाहतो. अशी सूची पहिल्यांदा कुणीतरी अंधाऱ्या खोलीत, पडद्यावरची नजर न काढता, कागदावर खरडून बनवली होती.

बीजो ट्रिंबल यांनी पतीसह केलेलं दुसरं काम अधिक गाजलं. दुसऱ्या हंगामानंतर मालिका बंद होणार अशी कुणकुण लागताच त्यांनी देशभरच्या चाहत्यांना पत्रं धाडली. प्रत्येकानं आपल्या शब्दांत, सभ्यपणे एनबीसी वाहिनीला लिहावं आणि आणखी दहा जणांना लिहायला लावावं, असा नियम. पत्ते कुठून आणले? विज्ञानकथा संमेलनांच्या आणि चाहत्यांच्या जुन्या याद्यांतून. गर्न्सबॅकनं छापलेल्या पत्त्यांपासून सुरू झालेली सवय इथे कामाला आली. अखेर 1 मार्च 1968 रोजी भाग संपताच वाहिनीला पडद्यावरूनच जाहीर करावं लागलं, की मालिका चालू राहील, कृपया आता पत्रं पाठवू नका. तिसरा हंगाम मिळाला. मात्र तो शुक्रवारी रात्री दहाला, तरुण प्रेक्षक घरात नसतात अशा वेळी ढकलला गेला आणि 79 भागांवर मालिका संपली. चर्चा संपली नाही. 1972च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या हॉटेलात ‘स्टार ट्रेक’चं संमेलन भरलं तेव्हा काहीशे माणसं येतील असा अंदाज होता, आली तीन हजारांहून जास्त.

तिकडे इंग्लंडात याहून मोठं काम झालं, तेही मुलांकडून. बीबीसीची ‘डॉक्टर हू’ 23 नोव्हेंबर 1963 रोजी सुरू झाली. व्हिडिओ टेप महाग होत्या, पुन्हा दाखवण्यावर कलाकारांच्या करारांचे निर्बंध होते, म्हणून बीबीसीनं जुने भाग पुसून त्याच टेपांवर दुसरे कार्यक्रम भरले. पहिल्या सहा वर्षांतल्या 253 भागांपैकी सुमारे शंभरांची चित्रफीत सापडत नाही. आवाज मात्र एकूण एक भागाचा आहे. कारण देशभर काही मुलं दर शनिवारी टेपरेकॉर्डरचा मायक्रोफोन टीव्हीच्या स्पीकरपुढे धरून, घरच्यांना गप्प बसवून, भाग मुद्रित करत होती. भाग निदान पुन्हा ऐकता यावा, म्हणून. 2016 मध्ये ‘द पॉवर ऑफ द डेलेक्स’ ही हरवलेली कथा अ‍ॅनिमेशन करून पुन्हा दाखवली गेली, ती अशाच ध्वनिमुद्रणाच्या आधारानं. ज्या संस्थेनं मालिका बनवली तिनं ती पुसली आणि बोलणाऱ्या पोरांनी ती राखली. चाहत्यांच्या बडबडीला रिकामटेकडेपणा म्हणणाऱ्यांनी या एका गोष्टीचा विचार करावा.

1986 मध्ये लिव्हरपूलच्या चाहत्यांच्या मंडळातला एक सोळा वर्षांचा मुलगा बीबीसीच्याच कार्यक्रमात येऊन ‘डॉक्टर हू’च्या लेखकांना तोंडावर सांगून गेला, की कथा घिसीपिटी झाली आहे. तो ख्रिस चिबनॉल. 2018 पासून काही वर्षं तीच मालिका त्याच्या हाती होती.

संगणकजाळ्यावर चर्चा 1979 पासून ‘एसएफ-लव्हर्स’ या टपालयादीतून सुरू झाली. पण खरा नवा प्रयोग ‘बॅबिलॉन 5’चा. तिचे कर्ते जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की 1991 पासून, म्हणजे मालिका पडद्यावर येण्याआधीपासून, चाहत्यांशी रोज लिहून बोलत होते. त्यातून एक पेचही उभा राहिला. कुणा चाहत्यानं सहज एक कल्पना मांडली, ती त्यांच्या ठरलेल्या एका कथेशी जुळली, आणि चोरीचा आरोप नको म्हणून त्यांना तो भाग बाजूला ठेवावा लागला. चाहत्यानं लेखी संमती दिल्यावरच तो 1995 मध्ये दिसला. तेव्हापासून कर्त्यांसमोर कथेच्या कल्पना मांडायच्या नाहीत हा चाहत्यांचा अलिखित दंडक झाला आणि तो योग्यच आहे.

या कुळावर खरं संकट आलं ते अलीकडे. ‘डेअरडेव्हिल’चे तेरा भाग 2015च्या एप्रिलमध्ये एकाच दिवशी आले. कुणी रात्रीत तेरा पाहिले, कुणी दोन. बोलायचं तर कुणाशी, कुठल्या भागाबद्दल? ‘द बॉइज’चा पहिला हंगाम 2019 मध्ये असाच एकदम आला. दुसऱ्या वर्षी कर्त्यांनी पहिले तीन भाग देऊन उरलेले आठवड्याला एक असे सोडले, लोकांना बोलायला उसंत मिळावी म्हणून. काही प्रेक्षकांनी रागानं मालिकेला मुद्दाम वाईट गुण दिले. माझं मत ठामपणे कर्त्यांच्या बाजूनं आहे. गर्न्सबॅकच्या वाचकाला महिना मिळत होता, भिशीवाल्यांना तीन महिने, आपल्याला निदान सात दिवस हवेत. ‘वांडाव्हिजन’च्या कॅलेंडरवरचा तो बदाम एका रात्रीत नऊ भाग पाहणाऱ्याला दिसलाच नसता.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. आपल्याकडे ‘शक्तिमान’ 1997 मध्ये सुरू झाली आणि घरोघरच्या पोरांनी तिच्यावर वाद घातले. तुमच्याकडे त्या काळची एखादी वही असेल, मित्राला लिहिलेलं पत्र असेल, टीव्हीसमोर धरून भरलेली कॅसेट असेल, तर ती रद्दीत घालू नका. त्यावर तारीख आणि आपलं नाव-गाव लिहून ठेवा.