जांघेतली गाठ आणि उंदराची साक्ष

आम्ही कुंभार पिंपळगावच्या बाया बोलतोय.

निंदायला गेलं की पायात काटा मोडतो आणि दोन दिवसांत जांघेत गाठ येते. आपण म्हणतो, अवधाण आलं. ही गाठ कशासाठी येते, हे कळायला माणसाला उंदराची मदत झाली. आज तीच गोष्ट सांगतो.

1896 साली मुंबईत प्लेग आला. आधी घरात उंदीर मरून पडायचे. मग माणसाला ताप भरायचा आणि जांघेत नाहीतर काखेत गाठ यायची. पुढच्या वर्षी पुणं त्यात सापडलं. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंत रोग्यांची सेवा करत होते. सावित्रीबाईंना लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. त्याच सुमारास गोरे शिपाई घरात शिरून झडती घेत. बायकांची गाठ परके पुरुष तपासणार, या धास्तीनं लोक आजारी माणसं लपवू लागले. लपवल्यानं रोग वाढला.

1905 पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेगचे मेलेले उंदीर फाडून पाहू लागले. माणसाची गाठ बहुधा जांघेत, उंदराची मात्र मानेत सापडे. कातडीखालच्या बारीक शिरा रक्तानं तटतटलेल्या दिसत. पिसू चावली की जंतू जवळच्या गाठीत जातात, हे त्यातून पक्कं होत गेलं.

पण निरोगी अंगातही या गाठी असतातच. मग त्यांचं काम काय? 1964 साली इंग्लंडात ऑक्सफर्डला जेम्स गोवन्स यांनी उंदरांवरच ते दाखवलं. गाठीत रक्ताची शीर शिरते आणि तिला बारीक बारीक फाटे फुटतात. त्यातल्या काही शिरांची भिंत वेगळीच, जाडसर असते. तिच्यातून रक्तातल्या पांढऱ्या पेशी गाठीत उतरतात, पहारा करतात आणि फिरून रक्तात येतात. म्हणजे गाठ ही गावच्या वेशीवरची चौकीच. जंतू आले की शिरा रुंदावतात, जास्त शिपाई आत येतात, म्हणून गाठ सुजते आणि दुखते.

हे सगळं जुनं म्हणून सोडू नका. 1994 साली गोदावरीपलीकडे, आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, मामला गावात प्लेग निघाला होता. तेव्हाही आधी उंदीरच पडले होते.

म्हणून बायांनो, घरात, वाड्यात एकदम उंदीर मरू लागले तर उघड्या हातानं उचलू नका, आरोग्य केंद्रात कळवा. काट्याची गाठ जखम भरली की बसते. पण गाठीबरोबर जोराचा ताप आला, किंवा गाठ दुखत नाही पण वाढतच चाललीय, तर लगेच दाखवा. प्लेगवर आज औषध आहे, पण ते वेळेवर मिळालं पाहिजे. जांघेत आहे, काखेत आहे, कसं दाखवायचं, असं म्हणू नका. नर्सताईला सांगा, सोबत मैत्रिणीला न्या. चौकीवाला हाक मारतोय, ती लाजेपायी दाबू नका.