पाण्यावर उभे राहण्याचा इतिहास

खेळांच्या इतिहासात विक्रम करणाऱ्यांची नावे टिकतात. पहिल्या दिवशी पाण्यात पडलेल्यांची टिकत नाहीत. विंडसर्फिंगच्या इतिहासाकडे आम्हांला या दुसऱ्या बाजूने पाहावेसे वाटते. शीड लावलेली एक फळी आणि तिच्यावर उभा एक माणूस, एवढाच हा खेळ. त्यातला पहिला प्रश्नही तितकाच साधा आहे : ही फळी माझे वजन पेलेल का? गेल्या साठ वर्षांत या प्रश्नाची उत्तरे कशी बदलत गेली हे पाहू लागलो, की खेळ नेमका कोणासाठी असतो याचाही इतिहास हाती लागतो.

प्रश्नामागचे शास्त्र जुने आहे. वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके बल तिला वर ढकलते, हे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने तरंगणाऱ्या वस्तूंवरील आपल्या ग्रंथात मांडले. व्यवहारात याचा अर्थ असा, की एक लीटर आकारमानाची फळी पूर्ण बुडाली तर गोड्या पाण्यात सुमारे एक किलो भार पेलते. समुद्राचे पाणी जड असल्याने तिथे किंचित अधिक. आता 75 किलो वजनाचा माणूस घ्या. बोर्डाचे 12 किलो आणि शीड, डोलकाठी व आडवा दांडा यांचे मिळून 10 किलो धरले, तर एकूण भार 97 किलो होतो. म्हणजे साधारण 95 ते 97 लीटरचा बोर्ड त्याला जेमतेम बुडू देणार नाही. पण न बुडणे म्हणजे उभे राहता येणे नव्हे. या दोहोंमधल्या अंतरातच या खेळाचा सारा इतिहास घडला आहे.

त्याचा आरंभ नेमका कोणी केला, यावर न्यायालयात वाद झाले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात न्यूमन डार्बी यांनी 1960च्या दशकाच्या मध्यास सपाट तळाच्या फळीवर पतंगाच्या आकाराचे शीड उभारले. ‘पॉप्युलर सायन्स’ मासिकाच्या ऑगस्ट 1965च्या अंकात त्यांचा लेखही आला. कॅलिफोर्नियात जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइत्झर यांनी डोलकाठीच्या बुडाशी सर्व दिशांना फिरणारा सांधा बसवला, 1968 साली पेटंटसाठी अर्ज केला आणि 1970 साली ते मिळवले. पुढे इंग्लंडच्या अपील न्यायालयाने तिथले पेटंट रद्द ठरवले. पीटर चिल्व्हर्स या मुलाने वयाच्या बाराव्या वर्षी, 1958 साली, हेलिंग बेटावर असेच साधन वापरले होते, हा त्यातला एक आधार होता. डार्बींचा लेख हा दुसरा. भांडण शिडाचे आणि सांध्याचे होते. फळीवर, म्हणजे जी माणसाला प्रत्यक्ष तोलते तिच्यावर, कोणीच हक्क सांगितला नाही.

ड्रेक यांची एक आठवण आम्हांला फार बोलकी वाटते. 1967 साली पहिल्या प्रयोगाला ते पाण्यात उतरले, तेव्हा पडलेले शीड वर ओढण्यासाठी दोरीच लावलेली नव्हती. पडल्यावर पुन्हा उभे कसे राहायचे, हा विचार मागाहून आला. दोरी आल्यावरही ती ओढताना सारा भार पायांखालच्या फळीवरच येतो. फळी अपुरी असेल तर दोरीचा काहीच उपयोग नाही. सुदैवाने तो जुना ‘विंडसर्फर’ बोर्ड 12 फूट लांब आणि सुमारे 27 किलो वजनाचा होता. वाहून न्यायला अवजड, पण नवख्याला सांभाळून घेणारा. त्याच्या शर्यतींत सर्वांचे बोर्ड सारखे असत आणि स्पर्धकांचे गट वजनानुसार पाडले जात. शरीर हा खेळातला घटक आहे, याची ती प्रांजळ कबुली होती.

1977च्या सुमारास हवाईतील खेळाडूंनी बोर्डावर पाय अडकवण्याचे पट्टे बसवले आणि चित्र पालटले. वेग वाढला की फळी पाण्यावरून घसरू लागते. मग तिला पेलते ते आकारमानापेक्षा गतीमुळे मिळणारे बल. तेव्हा मोठी फळी हवी कशाला? 1980च्या दशकात बोर्ड आखूड होत गेले. काही तर असे, की थांबले की स्वारासह बुडत. पाण्यात पडूनच शीड वाऱ्यावर धरायचे आणि त्याच्या ओढीने वर यायचे, हे कौशल्य ज्याला साधले त्याच्यासाठी ते अप्रतिम होते. परंतु निष्णातांची आवड हेच सर्वांचे मोजमाप झाले, आणि नवखा माणूस किनाऱ्यावरच राहिला. या खेळाची लोकप्रियता ओसरण्यामागे हे एक कारण होते, असे त्यातले जाणकारच म्हणत आले आहेत. शिक्षकी पेशातल्या आम्हांला हे ओळखीचे वाटते : अभ्यासक्रम जेव्हा केवळ पारंगतांच्या अभिरुचीने ठरतो, तेव्हा पहिल्या बाकावरचेही गळू लागतात.

1990च्या दशकाच्या अखेरीस दुरुस्ती झाली. बोर्ड आखूडच राहिले, पण रुंद झाले. आकारमान परतले आणि त्याबरोबर स्थैर्यही. या रुंद बोर्डांच्या घडणीत पुन्हा जिम ड्रेक होते, ही इतिहासाची एक सुरेख परतफेड. आज शिकणाऱ्याला स्वतःच्या किलोंमध्ये 80 ते 100 मिळवून तेवढ्या लीटरचा बोर्ड घ्यायला सांगतात. 75 किलोच्या माणसाला 155 ते 175 लीटर. दोरीने शीड उचलणे अंगवळणी पडले की 30-40 लीटरांची शिल्लक पुरते. पाण्यातून वाऱ्यावर उठणे साधले, की लाटांवर खेळण्यासाठी वजनाइतक्याच लीटरचाही बोर्ड चालतो. मात्र केवळ आकडा पाहून भागत नाही. तेवढेच लीटर अरुंद फळीत असतील तर ती डोलतेच.

2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आयक्यूफॉइल हा प्रकार आला. त्यात पाण्याखालच्या पंखामुळे बोर्ड पाण्याबाहेर उचलला जातो आणि जणू उडतो. तरंगण्याचा प्रश्न आता संपला, असे कोणालाही वाटेल. पण वारा पडला की तो बोर्ड खाली येतो, पाण्यावर टेकतो, आणि तेव्हा त्याला आर्किमिडीजच सावरतो. उडणाऱ्यालाही आधी तरंगावे लागते. आपल्या वजनाला पुरेल अशी फळी मागण्यात कमीपणा नाही; तो या खेळाचा पहिला धडा आहे, आणि त्याच्या इतिहासाला तो दोनदा शिकावा लागला.