बुडवून खायच्या शेवया

एप्रिल लागला की बजाजनगरच्या गच्च्यांवर धुतलेल्या साड्या अंथरल्या जातात आणि त्यांवर कुरडया, पापड, शेवया वाळू लागतात. वाळूजला 1985 साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने ही वसाहत वाढली. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून माणसं आली, त्यांच्यामागोमाग उन्हाळी कामंही आली. पुढे बजाजने जपानी कावासाकीचं तंत्र घेऊन मोटरसायकली काढल्या. जपानी शेवया मात्र इथे फार उशिरा पोचल्या, त्याही मोबाइलच्या पडद्यावरून.

त्यातला एक प्रकार म्हणजे त्सुकेमेन. एका वाडग्यात जाड, थंड शेवया, दुसऱ्यात दाट, गरम रस्सा. चार धागे उचलायचे, रश्श्यात बुडवायचे आणि सुर्रकन ओढायचे. याचं जन्मस्थान टोक्योच्या नाकानो भागातलं ‘ताइशोकेन’ हे रामेनचं, म्हणजे रश्श्यात घातलेल्या शेवयांचं, साधं दुकान. शेवया उकळून उपसल्या की टोपलीला थोडे धागे चिकटून राहत. कामगार ते साठवून ठेवत आणि पेल्यात जरासं सूप नि सोया सॉस घेऊन त्यात बुडवून खात. दुकान सांभाळणाऱ्या काझुओ यामागिशी या तरुणाने हे पोटापुरतं खाणं 1955 साली गिऱ्हाइकापुढे ठेवलं. रश्श्याला त्याने साखर नि व्हिनेगरची आंबटगोड चव दिली. 1961 साली त्याने हिगाशी-इकेबुकुरोत स्वतःचं दुकान काढलं, तिथे रांगा लागत. 2015 साली तो वारला.

पण बुडवून खाणं काही त्याने शोधलं नाही. यामागिशी मूळचा नागानोचा, आणि नागानो म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या सोबा शेवयांचा मुलूख. सोबा आधी बुडवूनच खात. वरून रस्सा ओतायची घाई एदो शहरात, म्हणजे जुन्या टोक्योत, नंतर आली. यामागिशीने जुनी रीत रामेनला लावली, आणि माझ्या मते मोठेपण तेवढ्यातच आहे.

आपल्याकडेही ही रीत आहे. सिंधुदुर्गात शिरवाळे करतात. तांदळाच्या पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवायचे, गरम असतानाच साच्यातून दाबायचे आणि नारळाच्या दुधात गूळ-वेलची घातलेल्या रसात बुडवून खायचे. साचाही आजकालचा नव्हे. पश्चिम चालुक्यांच्या काळात, 1025च्या सुमारास, चावुंडरायाने कन्नडमध्ये लिहिलेल्या ‘लोकोपकार’ ग्रंथात साच्यातून शेवया पाडण्याची रीत आहे. मराठवाडा तेव्हा त्याच राजवटीत होता. इथल्या बायका मात्र गव्हाच्या शेवया पाटावर वळत आणि हाताने ओढत. मग पितळी यंत्र आलं, ते खाटेला बांधून फिरवायचं. आता विजेवरचं आहे. उकळून निथळलेल्या या शेवया दूध-साखरेत किंवा गुळवणीत कालवतात. कालवल्या की त्या मऊ पडतात. चावताना धागा जाणवावा, हा हट्ट आपण कधी धरला नाही.

जपानी धाग्याला तो चिवटपणा क्षारामुळे येतो. तिकडे मैद्यात ‘कान्सुइ’ घालतात, म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट. त्याने पीठ ताणलं जातं आणि पिवळसर होतं. बजाजनगरच्या किराणा दुकानात कान्सुइ विचारू नका, पापडखार मागा. पापडाच्या पिठात तो हेच काम करतो. पुडीवर सोडियम कार्बोनेट लिहिलंय ना, तेवढं पाहा. नाहीतर खाण्याचा सोडा ओव्हनमध्ये 120 अंशांवर तासभर भाजा, त्याचं कार्बोनेट होतं. मात्र त्याला ओल्या हाताने शिवू नका.

अर्धा किलो मैद्याला 5 ग्रॅम खार, 5 ग्रॅम मीठ, 200 मिलिलिटर पाणी. खार-मीठ आधी पाण्यात विरघळवा. पीठ कोरडंच वाटेल. पाणी वाढवू नका, तासभर झाकून ठेवा. मग लाटा, घडी घाला, पुन्हा लाटा आणि सुरीने जाड कापा. भरपूर पाण्यात उकळा, उपसल्यावर गार पाण्यात चोळून धुवा. ही पायरी गाळली तर पिठूळपणा जात नाही आणि धागे एकमेकांना चिकटतात.

रश्श्यासाठी जपानी लोक हाडांच्या काढ्याला सुक्या मासळीची जोड देतात. आपल्याकडे आठवडी बाजारात सुकट मिळते. कोंबडीची हाडं चार तास उकळा, शेवटी मूठभर भाजलेली सुकट घाला आणि गाळा. सोया सॉस, थोडी साखर, चमचाभर व्हिनेगर घालून रस्सा नुसता पिववणार नाही इतका खारट ठेवा, कारण धाग्याबरोबर तो थोडाच तोंडात जातो. शेवटी उरलेल्यात गरम काढा ओतून तो पितात.

शेवयांच्या यंत्राला जाड भोकांची चकती लावूनही धागा पडतो. पण पोळपाटावर लाटून कापलेल्याची सर त्याला नाही.