वहीतली चार कोरी पाने

वर्धापन दिनाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा समितीने आम्हाला सांगितले, "तुम्ही विहाराचा इतिहास लिहा." म्हणून आम्ही पेटीतली जुनी वही काढली. वहीत इतिहास थोडा आणि वर्गणीच फार. कुणी दोन पायल्या धान दिले, कुणी विटा, कुणी एका दिवसाची मजुरी, तर कुणी विड्या वळून आलेल्या पैशातला वाटा. आणि मध्येच चार पाने कोरी! त्या कोऱ्या पानांवर आम्ही पुढे येतोच.

आपल्या विहारातल्या पंख्यावर, सतरंजीवर, माठाच्या चौरंगावरसुद्धा दात्याचे नाव असते. शिकलेली पोरं त्याला हसतात. त्यांनी एकदा पवनीला जाऊन यावे. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी डॉ. शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली तिथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीच्या पोटातून स्तूप निघाला. त्याच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी लिपीत देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. नाग नावाच्या एकाला पाच निकायांचा जाणकार म्हटले आहे. विसमिता नावाच्या बाईने आपले दान सर्व प्राणिमात्रांच्या सुखासाठी असो, एवढेच कोरून घेतले. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी, एका बाईचे दान दगडावर नोंदले गेले आणि आमच्या वहीत मात्र चार पाने कोरी राहिली, याची आम्हाला लाज वाटते.

दान मिळणे अवघड नाही, सांभाळणे अवघड आहे. ही अडचण भगवंतांच्या काळातही होती. विनयपिटकाच्या महावग्गात तिची सगळी हकीकत आहे. लोक चीवर घेऊन विहारात यायचे, घ्यायला कुणी नसले की परत घेऊन जायचे. मग घेणारा भिक्खू नेमला. तो घ्यायचा आणि तिथेच टाकून निघून जायचा, चीवर नाहीसे व्हायचे. मग ठेवणारा नेमला. ठेवायला खोली नव्हती, तर उंदीर आणि वाळवीने खाल्ले. मग कोठार ठरवले, त्याचा भांडागारिक नेमला आणि वाटणारा निराळा नेमला. (भंडारा हे नाव त्यावरून आले असा आमचा दावा नाही, कुणी भाषणात तसे ठोकून देऊ नये!) घेणारा, ठेवणारा, राखणारा, वाटणारा अशी कामे वेगवेगळी केली. माणूस कसा निवडावा तेही सांगितले: जो आवडीनिवडीने, रागाने, मोहाने वा भीतीने वाकडा चालत नाही आणि ज्याला आपले काम नीट कळते, असा. आणि निवड संघापुढे जाहीर मांडून, कुणाची हरकत आहे का हे विचारून. आपल्याकडे मात्र ज्याचा आवाज मोठा तो अध्यक्ष, आणि अध्यक्षाचा जवळचा तो कोषाध्यक्ष.

परमपूज्य बाबासाहेबांनी 20 जुलै 1924 रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तेव्हा सगळे आपल्याच हाती ठेवले नाही. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, चिटणीस शिवतरकर, खजिनदार जाधव, आणि स्वतः बाबासाहेब कार्यकारी मंडळाचे प्रमुख. पुढच्याच वर्षी सभेने सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह चालू केले. पण पैशाची तंगी बाबासाहेबांनाही सुटली नाही. 3 एप्रिल 1927 ला सुरू झालेले 'बहिष्कृत भारत' 1929 च्या नोव्हेंबरात बंद पडले. अंकाचे चोवीस चोवीस रकाने ते स्वतः लिहीत. 1928 मध्ये त्यांनी पत्राच्या ऋणावरच अग्रलेख लिहिला. त्यातून आम्ही घेतो ते असे की वर्गणी म्हणजे संपादकावर उपकार नव्हेत, ते आपल्यावरचे देणे आहे. ज्यांच्यासाठी पत्र निघत होते त्यांच्याकडून ते वेळेत फिटले नाही, हेही आपल्या इतिहासात लिहिले पाहिजे.

आपल्या जिल्ह्यावरही असेच एक ऋण आहे. 1954 च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब भंडाऱ्यातून उभे राहिले आणि 8,381 मतांनी हरले. तरी दोनच वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 ला, इथली माणसं नागपूरच्या दीक्षाभूमीवर गेली. आमच्या आजी सांगत, लुगड्याला पैसे नव्हते म्हणून कुणी भांडं मोडलं, कुणी गळ्यातलं. त्या खर्चाची कुणी पावती मागितली नाही, आणि मागायचीही नव्हती. पण विहाराचा पैसा तसा नसतो, तो दुसऱ्याचा असतो.

आता कोरी पाने. विहाराचा स्लॅब पडायचा होता तेव्हा एकाच उपासकाकडे सारे होते. अध्यक्ष तेच, वर्गणी गोळा करणारे तेच, पावतीपुस्तक त्यांच्याच खिशात. माणूस भला, रात्री-बेरात्री धावून जाणारा. आम्हीच म्हणायचो, "भाऊ आहेत ना, पाहतील." भाऊ धान कापणीच्या दिवसांत अचानक गेले. किती जमले, किती सिमेंटवाल्याला दिले, कुणालाच सांगता येईना. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज नव्वद दिवसांत द्यायचा असतो, तोही कुणी दिला नाही. बँकेत त्यांची एकट्याची सही, खाते अडकले. मोहल्ल्यात दोन गट पडले, बुद्धपौर्णिमेला दोन मिरवणुका निघाल्या, आणि उघड्या सळ्यांनी तीन पावसाळे खाल्ले. भर सभेत "पैसे खाल्ले" हा शब्द निघाला. तो काढणाऱ्यांत आम्हीही होतो.

त्यांच्या पत्नी त्या सभेत मागे बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी वंदनेला आल्या, नेहमीप्रमाणे दानपेटीत नाणे टाकले, आणि नंतरही कधी चुकल्या नाहीत. भाऊंनी खाल्ले की नाही हे आज कुणीही सांगू शकत नाही. खाल्ले नसेल तर ते सिद्ध करायचा एकच कागद होता, तो आम्ही त्यांच्याकडून कधी लिहून घेतला नाही.

हल्ली पावती दोघांच्या सहीने फाटते, दरवर्षी हिशेब तपासला जातो, आणि पौर्णिमेला जमाखर्च सर्वांसमोर वाचला जातो. वाचायचे काम महिला मंडळाकडे आहे. सगळ्यात जास्त वर्गणी बायांचीच, पण विश्वस्तांत त्यांचे नाव यायला फार वर्षे लागली. गेल्या महिन्यात वाचताना पंचवीस रुपयांचा फरक निघाला. अर्धा तास सगळे बसून राहिले, शेवटी अगरबत्तीचे बिल सापडले.

नवी वही घेताना कुणीतरी सुचवले, जुन्यातली कोरी पाने फाडून टाकू. समितीने ठराव करून ती तशीच ठेवली आहेत.