एकत्र पार्सलाचा जुना हिशेब

ऑनलाइन लिलावात परदेशातले गिऱ्हाईक एकाच विक्रेत्याकडून चार-पाच वस्तू जिंकते आणि पैसे भरण्याआधी एक विनंती करते: सगळे नग एकाच पाकिटात घाला आणि टपालखर्च एकदाच लावा. जुनी तिकिटे, पोस्टकार्डे, नाणी, पुस्तके यांच्या व्यवहारात ही विनंती रोजची आहे. विक्रेत्याने ती मानली तर तो दिलदार ठरतो, नाकारली तर लोभी. मला ही दोन्ही विशेषणे गैरलागू वाटतात. वस्तू एकत्र पाठवणे परवडते की सुट्या, हे विक्रेत्याच्या स्वभावावर फारसे अवलंबून नसते. प्रत्येक पाकिटामागे माणसांना जी मेहनत करावी लागते तिचे पैसे कोणी मोजायचे, या प्रश्नाला त्या त्या काळच्या टपालखात्यांनी आणि सरकारांनी जे उत्तर दिले, त्यावर ते ठरत आले आहे. हे उत्तर गेल्या पावणेदोनशे वर्षांत अनेकदा बदलले, आणि दर बदलासरशी पार्सल बांधण्याची रीतही बदलली.

या हिशेबाची पहिली स्वच्छ मांडणी रोलंड हिल यांनी १८३७ साली ब्रिटिश टपालसुधारणेवरच्या आपल्या पुस्तिकेत केली. तेव्हा ब्रिटनमध्ये टपालहशील दोन गोष्टींवर आकारले जाई: अंतर आणि कागदांची संख्या. एका कागदाला एक दर, दोन कागदांना दुप्पट. लिफाफाही वेगळा कागद म्हणून मोजला जाई, त्यामुळे लोक पत्रच घडी घालून त्यावर पत्ता लिहीत. जागा पुरेना म्हणून एकदा आडवे लिहून झाल्यावर त्याच पानावर उभ्या ओळी लिहिण्याचीही रीत होती. म्हणजे एका पाकिटात दोन गोष्टी घालणाऱ्याला त्या काळी दंडच बसत होता. हिल यांनी लंडनहून एडिनबरोला जाणाऱ्या पत्राच्या प्रत्यक्ष वाहतुकीचा खर्च काढला, तो एका पेनीचा छत्तिसावा भाग भरला. गिऱ्हाइकाला मात्र त्याच पत्रासाठी एक शिलिंगहून अधिक मोजावे लागत. खर्च गाडीघोड्यांचा नव्हता. पत्र घेणे, त्यावर दर लिहिणे, वर्गवारी करणे, हिशेब ठेवणे आणि शेवटी दारात उभे राहून पैसे वसूल करणे, यात तो होता. म्हणजे तो प्रामुख्याने नगाचा खर्च होता. मैलांचा नव्हता, कागदांचा तर नव्हताच. १८४० साली अर्ध्या औंसाला एक पेनी असा एकच दर देशभर लागू झाला, आगाऊ भरण्यासाठी तिकीट आले, आणि कागद मोजण्याच्या जागी वजन करण्याची पद्धत आली. अर्ध्या औंसाच्या आत आता दोन कागद घाला की तीन, हशील तेवढेच.

हिंदुस्थानात हीच व्यवस्था १ ऑक्टोबर १८५४ पासून आली: पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते पुण्याहून मुंबईला जावो की कलकत्त्याला. पुढे १८७७ साली व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांची ‘व्ही.पी.’, सुरू झाली. माल दारात येईल तेव्हा पैसे द्यायचे, ते टपालखाते विक्रेत्यापर्यंत पोचवणार. आज ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ नावाने जे चालते त्याची ही थोरली बहीण. मराठी पुस्तकांच्या जाहिरातीत किमतीपुढे ‘टपालखर्च निराळा’ असे छापलेले असे, आणि व्ही.पी.चे शुल्क व वसुलीचे कमिशन पार्सलामागे पडत असल्यामुळे दूरगावच्या वाचकाने एकेक पुस्तक मागवण्यापेक्षा चार-पाच पुस्तके एकदम मागवणे हाच शहाणपणा होता. लिलावातल्या परदेशी गिऱ्हाइकाची विनंती याच शहाणपणातून येते. फरक इतकाच की त्याच्या पार्सलाला मध्ये सीमा ओलांडावी लागते.

सीमेपलीकडचे टपाल मार्गी लावले ते ९ ऑक्टोबर १८७४ च्या बर्न कराराने. जर्मन टपालप्रमुख हाइनरिख फॉन श्टेफान यांच्या पुढाकाराने बावीस देशांनी एक टपालसंघ स्थापला. १८७६ च्या १ जुलैला हिंदुस्थान त्यात सामील झाला आणि १८७८ पासून त्याला जागतिक टपालसंघ हे नाव मिळाले. पंधरा ग्रॅमच्या पत्राला पंचवीस सेंटाईम हा पायाभूत दर ठरला, आणि पुढच्या प्रत्येक पंधरा ग्रॅमला पुन्हा तेवढेच. म्हणजे पंधरा-पंधरा ग्रॅमची चार पाकिटे सुटी पाठवा की साठ ग्रॅमचे एक पाठवा, शंभर सेंटाईमच लागत. वजनाच्या पायरीत उरलेली जागा वापरता आली तर थोडा लाभ, एरवी नाही. खरा बदल १९०६ च्या रोम परिषदेत झाला. पहिली पायरी वीस ग्रॅमची झाली आणि तिचा दर पंचवीस सेंटाईमच राहिला. पण पुढच्या प्रत्येक पायरीला पंधराच सेंटाईम ठरले. आता वीस ग्रॅमच्या चार पाकिटांना शंभर सेंटाईम पडत, तर ऐंशी ग्रॅमच्या एका पाकिटाला सत्तर. १९०७ पासून ब्रिटनने परदेशी पत्रांना पहिल्या औंसाला अडीच पेन्स आणि पुढच्या प्रत्येक औंसाला दीड पेन्स असा दर लावला, तो याच तत्त्वावर. पाकीट उचलायला, शिक्का मारायला, थैलीत टाकायला आणि दारात पोचवायला जे लागते ते एकदाच लागते, ही गोष्ट आंतरराष्ट्रीय दरपत्रकात प्रथमच आकड्यांत उतरली. एकत्र पाठवणाऱ्याचा तीस सेंटाईमचा लाभ ही कोणाची मेहेरबानी नव्हती. तेवढे काम खरोखरच वाचत होते.

जागतिक टपालसंघाने छापील साहित्यासाठी तर एकत्र पाठवण्याची स्वतंत्र सोयच केली. एकाच पत्त्यावर जाणारी पुस्तके, मासिके एका थैलीत भरायची, थैलीलाच पत्त्याची चिठ्ठी बांधायची आणि हशीलही थैलीच्या वजनावर द्यायचे. जगभरच्या ग्रंथविक्रेत्यांना ती ‘एम बॅग’ म्हणून ठाऊक आहे. भारतीय टपालखात्यात तिला ‘बल्क बॅग’ म्हणतात. समुद्रमार्गे जाणारी अशी थैली पोचायला महिने लागत, पण दर इतका कमी की वाचनालये आणि परदेशी स्थायिक झालेली माणसे तिची वाट पाहत. अमेरिकेच्या टपालखात्याने १४ मे २००७ रोजी परदेशी जाणारे समुद्र-टपाल बंद केले, तेव्हा जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांचे कंबरडे मोडले. सगळे हवाई दराने पाठवायचे म्हटल्यावर पुस्तकापेक्षा टपाल महाग होऊ लागले, आणि परदेशी गिऱ्हाइकासाठी नग एकत्र बांधणे ही गरजच होऊन बसली.

तोवर ऑनलाइन लिलाव चांगले रुजले होते. पिएर ओमिद्यार यांनी सप्टेंबर १९९५ मध्ये सुरू केलेली ‘ऑक्शनवेब’ १९९७ पासून ‘ईबे’ झाली, आणि तिच्यावरचा मोठा व्यवहार सुरुवातीपासून संग्राहकांचा होता. त्यांच्या मालात नगाचा खर्च उघड दिसतो. एका तिकिटाचे वजन ग्रॅमच्याही आत; त्याला लागणारा पातळ कागदाचा पुडा, दोन बाजूंचे जाड पुठ्ठे, लिफाफा आणि सीमाशुल्काची हिरवी चिठ्ठी मिळून वजन त्याच्या कितीतरी पट. दुसरा, तिसरा, चौथा लॉट त्याच पुठ्ठ्यांत सरकवला की वजनात नावापुरती भर पडते. चिठ्ठी एकच भरावी लागते आणि टपालखिडकीवर एकदाच उभे राहावे लागते. पण लिलावात भलती लालूचही शिरली. काही विक्रेते वस्तू नाममात्र बोलीला ठेवून नफा टपालखर्चात दडवू लागले, कारण बाजाराचे कमिशन वस्तूच्या किमतीवरच होते. २०११ साली ईबेने अमेरिकेत कमिशन टपालखर्चावरही लावले ते यामुळेच. त्यात प्रामाणिक विक्रेताही सापडला. टपालखिडकीवर मोजलेल्या पैशांवरही त्याला कमिशन द्यावे लागू लागले, आणि एकत्र पाकिटाचा दर अचूक काढणे त्याच्यासाठी आणखी निकडीचे झाले.

इथे एक रास्त आक्षेप आहे. नगाचा खर्च इतका खरा असेल, तर चीनमधून एक-दोन डॉलरच्या वस्तू, प्रत्येक वेगळ्या पाकिटात, टपालखर्चाशिवाय वर्षानुवर्षे जगभर कशा पोचत राहिल्या? उत्तर टपालसंघाच्या अंतर्गत हिशेबात आहे. १८७४ पासून जवळजवळ शतकभर प्रत्येक देश आपण गोळा केलेले हशील आपल्याकडेच ठेवी. पत्राला उत्तर जाते, म्हणून वाटपाचा बोजा फिटंफाट होतो, ही त्यामागची समजूत. १९६९ च्या टोकियो परिषदेने ती मोडली. जो देश जास्त पाठवतो त्याने वाटप करणाऱ्या देशाला फरकाची भरपाई द्यावी असे ठरले. जड मासिकांचे गठ्ठे झेलणाऱ्या विकसनशील देशांना यात दिलासा होता. पण भरपाई किलोवर होती. एका किलोत एक पार्सल असो की पन्नास पाकिटे, पैसे तेवढेच. पन्नास दारांच्या पायऱ्या चढणाऱ्या पोस्टमनचे श्रम हिशेबात नव्हतेच. पुढच्या परिषदांनी नगाचा दर आणला, तरी विकसनशील गटातल्या देशांसाठी तो कमी ठेवला, आणि चीन बराच काळ त्या गटात राहिला. २०११ पासून चीन आणि अमेरिका यांच्यात ‘ई-पॅकेट’ नावाची माग काढता येणारी स्वस्त सेवाही सुरू झाली. सुटी पाकिटे स्वस्त झाली ती काम कमी झाले म्हणून नव्हे. कामाचा मोठा भाग वाटप करणाऱ्या देशाच्या टपालखात्याने अंगावर घेतला म्हणून. अशा वेळी एकत्र बांधण्यासाठी विक्रेत्याने थांबायचे कशाला?

यावर असेही म्हणता येईल की या स्वस्ताईने लहान उत्पादकाला जगाचा बाजार खुला केला. हे खरे आहे, आणि या व्यवस्थेच्या बाजूचा हाच सर्वात बळकट मुद्दा आहे. पण लाभ एकाच दिशेने वाहत होता. शेनझेनच्या विक्रेत्याला ओहायोत पाकीट पाठवणे जितके स्वस्त पडे, तितके ओहायोच्या लहान विक्रेत्याला शेजारच्या राज्यात पाठवणेही पडत नसे. असे असंतुलन टिकत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने टपालसंघ सोडण्याची नोटीस दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हात खास परिषद भरवावी लागली, आणि जास्त आवक असलेल्या देशांना आपले वाटपाचे दर स्वतः ठरवण्याची मुभा मिळाली. नगाचा खर्च पुन्हा पाठवणाऱ्याकडे परतला. पाठोपाठ सीमाशुल्काचे नियम बदलले. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून बावीस युरोंपर्यंतची करमाफी काढली. अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून आठशे डॉलरपर्यंतची शुल्कमाफी सर्व देशांसाठी थांबवली. त्या गोंधळात भारतीय टपालखात्यालाही अमेरिकेचे बहुतेक बुकिंग काही आठवडे स्थगित ठेवावे लागले. पार्सलामागे एक जाहीरनामा, एक तपासणी आणि पुष्कळ ठिकाणी एक हाताळणी शुल्क, असा खर्च आता गिऱ्हाइकाच्या बाजूलाही नगावर पडतो.

तरी एकत्र पाठवणे नेहमीच हिताचे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. पार्सल हरवले तर सगळेच जाते, आणि भरपाईची कमाल मर्यादा पार्सलाला असते, वस्तूला नसते. करांच्या उंबरठ्याचेही तसेच. साठ युरोंच्या तीन वस्तू एका खोक्यात घातल्या की ते दीडशे युरोंची मर्यादा ओलांडते आणि युरोपात मूल्यवर्धित कराशिवाय सीमाशुल्कही लागू शकते. शिवाय गिऱ्हाईक पुढच्या लिलावांची वाट पाहत राहिले, तर विक्रेत्याचे पैसे अडकून पडतात. हे आक्षेप योग्य आहेत. पण तेही त्याच मुद्द्याला दुजोरा देतात. विमा, कर आणि मुदत यांचे नियमही पार्सलावरच बेतलेले असतात. म्हणून कुठे एकत्र बांधावे आणि कुठे सुटे करावे याचे उत्तर विक्रेत्याच्या चांगुलपणात शोधून मिळत नाही. दरपत्रक आणि सीमाशुल्काचे कोष्टक शेजारी ठेवले की मिळते.

यातून विक्रेत्यासाठी एक साधे कर्तव्य निघते. पहिल्या नगाचा टपालखर्च किती, पुढच्या प्रत्येक नगाची भर किती, किती दिवस नग बाजूला ठेवू आणि किती किमतीनंतर पार्सल वेगळे करणे बरे, हे बोली सुरू होण्याआधीच लिहून ठेवायला हवे. रोमच्या परिषदेने १९०६ साली दरपत्रकात जे केले तेच हे, आपल्या मालापुरते. टपालखात्यांचे कर्तव्य याहून मोठे आहे. पहिल्या पायरीत नगाची खरी मेहनत धरावी आणि पुढच्या पायऱ्या वजनापुरत्याच ठेवाव्यात. डाकघर निर्यात केंद्रांतून परदेशी माल पाठवणाऱ्या आपल्याकडच्या कारागिरांना आणि पुस्तकविक्रेत्यांना असा दर मिळाला तर त्यांना कोणाच्या अनुदानावर जगावे लागणार नाही, आणि दूरच्या कोणा पोस्टमनची मेहनत फुकट वापरल्याचा ठपकाही त्यांच्यावर येणार नाही. पाकिटामागच्या श्रमाची किंमत दिसेल तिथे मांडलेली असली की ती वाचवण्याचा मार्ग विक्रेते आणि गिऱ्हाइके आपसांत काढतात. ती लपवली की कुठल्यातरी देशाचे टपालखाते ती निमूटपणे भरत राहते आणि एक दिवस सगळी व्यवस्थाच अडते.