खांबाचे कूळ

झाशीच्या स्टेशनवर उतरून किल्ल्याकडे निघाले की वाटेत इलाइट चौराहा लागतो. रिक्षांचे भोंगे, दुकानांच्या पाट्या, गाडी पकडायला धावणारी माणसे. गावाची निम्मी वर्दळ या चौकातून जाते. मराठी प्रवासी इथून पुढे सरकतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र असते: घोडा, तलवार आणि पाठीशी बांधलेले मूल. पण या चित्राच्या अलीकडे, पहाटेच्या अंधारात, एक खांब उभा आहे.

तो दाखवला वरसईच्या विष्णुभट गोडशांनी. दक्षिणा मिळवायला उत्तरेत निघालेला हा कोकणातला भिक्षुक १८५७च्या धामधुमीत सापडला आणि झाशीला वेढा पडला तेव्हा शहरातच होता. त्याच्या आठवणी ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली छापल्या गेल्या. राणी लक्ष्मीबाईंना शरीरमेहनतीची आवड होती, पहाटे उठून त्या आधी मल्लखांब करीत आणि मग घोड्यावर बसत, असे त्यांत आहे. राज्य गेलेली, वैधव्य आलेली तरुण बाई दिवसाची सुरुवात खांबावर करते, ही गोष्ट भटजींना लिहून ठेवावीशी वाटली.

हा खांब झाशीला आला कुठून?

त्याचे मूळ बरेच मागे जाते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मल्लांच्या मेहनतीत खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख आढळतो. मल्लाचा खांब तो मल्लखांब, इतके त्याचे नाव सरळ आहे. कुस्तीला जोडीदार नसेल तेव्हा पैलवान या लाकडालाच मिठी घाली, पायांची पकड त्याच्यावर घासूनपुसून घेई. जोडीदार दमतो, खांब दमत नाही.

पुढची काही शतके हा धागा दिसेनासा होतो आणि एकदम पुण्यात, दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी, वर येतो. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल आले, त्यांनी पेशव्यांच्या पैलवानांना आव्हान दिले आणि ते उचलले बाळंभटदादा देवधर या तरुण ब्राह्मणाने, अशी तालमीतली परंपरागत कथा आहे. बाळंभटदादांनी वणीच्या सप्तशृंगीवर अनुष्ठान केले. मारुतीने दृष्टांत देऊन लाकडावरचे डाव दाखवले. त्या डावांच्या बळावर त्यांनी अलीला चीत केले आणि गुलाबने माघार घेतली. दृष्टांताची गोष्ट श्रद्धेची. मात्र मल्लखांबाला आजचे वळण देणारे गुरू म्हणून सारी तालीम बाळंभटदादांचेच नाव घेते.

पुरलेला खांब सागाचा किंवा शिसवीचा असतो. खाली जाड, वर निमुळता होत गेलेला. अंग, मान आणि बोंड असे त्याचे तीन भाग. त्याला एरंडेल चोळतात. सुरुवात सलामीने, मग पायांची अढी, मग एकेक पकड शिकत बोंडावर तोल सांभाळण्यापर्यंत. वेताचाही मल्लखांब होता. पुढे वेताच्या जागी सुती दोरी आली. खांबावर माणूस एकटाच चढतो, पण शिकताना खाली कोणी तरी उभे लागते: चुकलेली अढी सांगायला आणि निसटणाऱ्याला झेलायला.

१८१८मध्ये पेशवाई संपली. सालिना आठ लाखांचा तनखा घेऊन बाजीराव कानपूरजवळच्या बिठूरला गेला. त्याच्यामागे शेकडो मराठी कुटुंबे गेली आणि बाळंभटदादांची विद्याही गेली. गंगेकाठच्या त्या परक्या गावात मोरोपंत तांब्यांची मुलगी मनू (पुढची लक्ष्मीबाई), बाजीरावाचा दत्तक पुत्र नानासाहेब आणि वयाने मोठे तात्या टोपे एकाच वाड्याच्या आसऱ्याने वावरले. घोडा, तलवार, मल्लखांब हे त्यांनी एकमेकांच्या सोबतीने शिकल्याचे परंपरा सांगते. राज्य गमावलेल्या वाड्याने मुलांना दिलेला हा वारसा मोलाचा होता. १८४२मध्ये मनू गंगाधरराव नेवाळकरांची राणी होऊन झाशीला आली, आणि बिठूरची पहाट तिच्याबरोबर आली.

तालमीत दसऱ्याला खांबाची पूजा होते. हळदकुंकू, झेंडूची माळ, मारुतीला नारळ. सणाच्या दिवशी आपल्या माणसांसोबत अंग मोडून मेहनत करावी, ही ओढ इतरत्रही दिसते. अमेरिकेतल्या बफेलो शहरात १८९६ साली थँक्सगिव्हिंगच्या दिवशी वायएमसीएने शर्यत भरवली, तेव्हा धावायला अवघे सहा जण होते. आज ‘टर्की ट्रॉट’ या नावाने त्या दिवशी गावोगाव सकाळच्या शर्यती होतात आणि आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे घर मेजवानीआधी रस्त्यावर उतरते. त्याच देशात न्यू जर्सीसारख्या ठिकाणी मराठी मंडळींनी मुलांसाठी मल्लखांबाचे वर्ग सुरू केले आहेत.

परदेशाने खांब पाहिला तो मात्र या वर्गांच्या कितीतरी आधी. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय व्यायामप्रकार सादर केले. १५ ऑगस्टला त्याच शहरात झाशीच्या ध्यानचंद यांच्या संघाने जर्मनीला ८-१ असे हरवून हॉकीचे सुवर्ण जिंकले. संघात त्यांचे धाकटे भाऊ रूपसिंगही होते, आणि १९७५च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात विजयी गोल करणारे अशोककुमार हे ध्यानचंदांचे चिरंजीव. झाशीत खेळ असा घरातून घरात गेला.

२०१९च्या फेब्रुवारीत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा मुंबईत शिवाजी पार्कवर झाली. देशातल्या राष्ट्रीय स्पर्धांची सुरुवात मात्र झाशीच्या शेजारी, राणी जिथे पडली त्या गावी झाली. एप्रिल १८५८मध्ये राणी रातोरात किल्ल्यातून निसटली, काल्पीत रावसाहेब पेशवे आणि तात्या टोपे यांना मिळाली आणि जूनमध्ये ग्वाल्हेरला लढताना पडली. झाशीहून ते गाव शंभरेक किलोमीटरवर. तिची समाधी तिथल्या फूलबागेत आहे. १९६२ साली राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत मल्लखांबाला प्रथमच स्थान मिळाले, ते याच ग्वाल्हेरमध्ये. राणीच्या मृत्यूनंतर १०४ वर्षांनी तिच्या समाधीच्या गावात खांब उभा राहिला आणि मुले सलामी देऊन त्यावर चढली.